कामं सुरू, लोकल बंद: मुंबईतल्या शिथिलीकरणाचं एक प्रकरण

२२ जुलै २०२०. नालासोपाऱ्याच्या एसटी आगारात सकाळी कामावर निघालेल्या माणसांना सांगण्यात आलं की या बस अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत, तुम्हाला चढता येणार नाही. ही सगळी खासगी नोकरीतली माणसं. लोकल बंद, म्हणून ती एसटीकडे आली होती. एसटीनेही नाही म्हटल्यावर ती तिथून निघाली, रेल्वे स्थानकात शिरली आणि थेट रुळांवर उतरली. अत्यावश्यक सेवेसाठी धावणाऱ्या मोजक्या गाड्या त्या सकाळी काही काळ खोळंबल्या.

बातम्यांमध्ये ही घटना ‘प्रवाशांचा उद्रेक’ म्हणून आली आणि दोन दिवसांत मागे पडली. टाळेबंदी उठण्याच्या काळातला लोकांचा राग समजून घ्यायचा तर मला हीच घटना सगळ्यात महत्त्वाची वाटते. रुळांवर उतरलेल्यांचं म्हणणं टाळेबंदी उठवा असं नव्हतं, आम्हाला आजार होत नाही असंही नव्हतं. कार्यालय उघडलंय, साहेबाने बोलावलंय, नाही गेलो तर पगार कापला जाईल किंवा नोकरी जाईल, मग आम्ही जायचं कसं, एवढंच ते विचारत होते. त्या सकाळी याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. नीट उत्तर मिळायला त्यापुढे एक वर्षाहून जास्त काळ गेला.

मी लोकलने रोज फिरणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे या प्रकरणाकडे मी तटस्थ नजरेने बघतो असा माझा दावा नाही. पण सरकारची भीती खोटी होती असंही मला म्हणायचं नाही, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी.

भीती खरी होती

महामारीआधी मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रोज सुमारे ८० लाख प्रवास होत. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून दिवसाला तीन हजारांहून जास्त फेऱ्या. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर, सीएसएमटीपासून कल्याण ५४, आणि त्याच्याही पुढे कसारा, कर्जत. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या कागदांत याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव आहे. सकाळी ठाण्याला चढायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

या डब्यात सहा फुटांचं अंतर म्हणजे काय? २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या रात्रीपासून लोकल थांबली तेव्हा कुणी तक्रार केली नाही. तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच. आजार नवा, औषध नाही, लस नाही. युद्धात, दंगलीत, २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतरही फार काळ न थांबलेली लोकल थांबली याचंच सगळ्यांना दडपण होतं.

१५ जून २०२० ला लोकल पुन्हा धावली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या सरकारी आणि पालिका कर्मचाऱ्यांसाठी. सुमारे १,२०० आसनांच्या गाडीत ७०० जणच बसवायचे असं रेल्वेने ठरवलं. हा आकडा धरून हिशेब करून बघा. सगळ्या, म्हणजे तीन हजार फेऱ्या चालवल्या तरी ७०० च्या हिशेबाने २१ लाख माणसं जातात. मागणी होती ८० लाखांची. अंतर राखून सगळ्यांना लोकल देणं अंकगणितातच बसत नव्हतं, आणि हे मंत्रालयातही माहीत होतं आणि चर्चगेटच्या रेल्वे मुख्यालयातही.

म्हणजे निर्णय अवघड होता. आता प्रश्न असा की हे गणित माहीत असताना बाकीचं काय काय उघडलं गेलं?

‘पुनश्च हरि ओम’, पण कुणासाठी

३१ मे २०२० ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला उद्देशून बोलताना ‘पुनश्च हरि ओम’ म्हटलं. सरकारी आदेशात त्याचं नाव ‘मिशन बिगिन अगेन’. ५ जूनपासून दुकानं सम-विषम पद्धतीने उघडली. ८ जूनपासून खासगी कार्यालयांना १० टक्के कर्मचाऱ्यांची परवानगी मिळाली. ५ ऑगस्टला मॉल उघडले, सप्टेंबरच्या सुरुवातीला खासगी कार्यालयांची मर्यादा ३० टक्क्यांवर गेली, ५ ऑक्टोबरपासून हॉटेलं निम्म्या क्षमतेने सुरू झाली.

आता याच यादीशेजारी लोकलची यादी ठेवा. जूनमध्ये राज्य सरकारचे आणि पालिकांचे अत्यावश्यक कर्मचारी. मग केंद्राचे कर्मचारी, राष्ट्रीयीकृत बँका, टपाल, संरक्षण, न्यायालयीन कर्मचारी. सप्टेंबरमध्ये खासगी आणि सहकारी बँकांचे १० टक्के कर्मचारी. उच्च न्यायालयात प्रत्यक्ष सुनावणी असेल त्या दिवसापुरते वकील, तेही न्यायालयाने विचारल्यावर. ऑक्टोबरमध्ये डबेवाले.

दुकान उघडलं, दुकानातला नोकर यादीत नाही. हॉटेल उघडलं, वाढपी यादीत नाही. कार्यालय १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेलं, त्यातला हिशेबनीस यादीत नाही. सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांना परत यायला सांगितलं, त्या तर कुठल्याच यादीत कधी आल्या नाहीत. सरकारचा एक हात काम उघडत होता आणि दुसरा कामाकडे जाणारी वाट बंद ठेवत होता. लोकांच्या चिडीचं मूळ मला इथे दिसतं. शिथिलीकरण हळू होतं म्हणून माणसं एवढी चिडली नसती. हळू चालायला सगळे तयार होते, कारण घरोघरी कुणी ना कुणी आजारी पडत होतं. पण उघडण्याच्या दोन भागांचा एकमेकांशी मेळच नव्हता, आणि त्या फटीत पडला तो घरून काम न करता येणारा माणूस.

बंदीने गर्दी कमी झाली का, हा प्रश्न खरं तर रोज विचारला जायला हवा होता. लोकलमधली झाली. बेस्टच्या बसमध्ये सुरुवातीला एका आसनावर एक आणि मोजके उभे प्रवासी असा नियम होता, पण काही आठवड्यांत बसथांब्यांवर अशा रांगा लागल्या की नियम कागदावरच राहिला. डोंबिवली, बदलापूर, विरारकडची माणसं एसटीत दाटीवाटीने बसून मुंबईत येत होती. ज्यांना परवडत होतं ते चौघे-पाच मिळून गाडी करत होते, काचा बंद करून. मुलुंड आणि दहिसरच्या टोलनाक्यांवर, शिळफाट्यावर गाड्यांच्या रांगा. लोकलने सव्वा तासाचा प्रवास रस्त्याने तीन तासांचा झाला. विषाणूला डबा कुठला आणि बस कुठली यात फरक पडत नाही. बंद काचेच्या गाडीत तीन तास बसलेल्या पाच जणांचा धोका कुणी मोजला नाही, कारण तो रेल्वेच्या हद्दीत नव्हता.

पैशांचंही तेच. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास म्हणजे या शहराने गरिबाला दिलेली सगळ्यात मोठी सवलत. काही शे रुपयांत महिनाभर पन्नास-साठ किलोमीटर जा-ये. तो पास गेला आणि एसटी, बेस्ट, रिक्षा असे तुकडे जोडत जायची वेळ आली तेव्हा तेवढेच पैसे चार-पाच दिवसांत संपू लागले. बहुतेकांचे पगार तर आधीच कापलेले.

मग जे व्हायचं तेच झालं. अत्यावश्यक सेवेची खोटी ओळखपत्रं निघाली. ती विकणारे आणि वापरणारे पकडले गेले, गुन्हे दाखल झाले. सकाळी उठून प्रामाणिकपणे कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशात खोटं कार्ड येतं तेव्हा समाज म्हणून आपण काहीतरी गमावलेलं असतं. मला त्या माणसाचा राग येत नाही.

पत्रांचा खेळ

२१ सप्टेंबरला मनसेच्या नेत्यांनी विनापरवाना लोकलप्रवास करून ‘सविनय कायदेभंग’ केला, त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. पण या काळातला खरा प्रसंग ऑक्टोबरचा आहे.

१६ ऑक्टोबरला राज्य सरकारने रेल्वेला पत्र दिलं: उद्यापासून, म्हणजे १७ तारखेपासून, सर्व महिलांना ठरावीक वेळेत लोकलने जाऊ द्या. नवरात्र त्याच दिवशी सुरू होत होतं. बातमी टीव्हीवर गेली, बायकांनी पर्स भरून ठेवल्या. रेल्वेने उत्तर दिलं की एका दिवसात हे शक्य नाही, आधी चर्चा व्हायला हवी, किती जणी येतील ते सांगा. चार दिवस हे चालू राहिलं. २० ऑक्टोबरला तेव्हाचे रेल्वेमंत्री पियूष गोयल यांनी दुसऱ्या दिवसापासून परवानगी जाहीर केली: सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर.

पुढच्याच आठवड्यात, २८ ऑक्टोबरला, राज्याने सर्वसामान्यांसाठीही गर्दी नसलेल्या वेळांचा प्रस्ताव पाठवला. रेल्वेने पुन्हा प्रवाशांचे आकडे मागितले. त्यानंतर नोव्हेंबर गेला, दिवाळी गेली, मंदिरं १६ नोव्हेंबरला पाडव्याला उघडली, डिसेंबर गेला. सर्वसामान्यांसाठी निर्णय आला जानेवारीच्या शेवटी.

लोकल चालवते केंद्राची रेल्वे, आणि आपत्ती व्यवस्थापनाचे आदेश काढतं राज्य. दोन्हीकडे वेगवेगळ्या पक्षांची सरकारं. प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा होती आणि दोघांनीही ती वापरली. रेल्वे म्हणे आम्ही तयार आहोत, राज्याने सांगावं. राज्य म्हणे आम्ही पत्र दिलंय, रेल्वेने करावं. फलाटावर उभं राहून कुणाला जाब विचारायचा हेच कळत नसेल तर राग जातो कुठे? तो समोरच्या तिकीट तपासनिसावर जातो, गेटवरच्या पोलिसावर जातो. आणि ती दोघंही बिचारी रोज त्याच लोकलने जीव मुठीत धरून येत होती.

सात, बारा, चार, नऊ

१ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकल खुली झाली. वेळा अशा: पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४, रात्री ९ पासून शेवटच्या गाडीपर्यंत.

या वेळा जरा जवळून बघू. फोर्टमध्ये सकाळी १० ते संध्याकाळी ६ नोकरी करणारा डोंबिवलीचा माणूस घ्या. त्याला सातच्या आत गाडी पकडायला हवी, म्हणजे घरातून साडेसहाला बाहेर. सव्वाआठच्या सुमारास तो सीएसएमटीला उतरतो. कार्यालयाचं शटर उघडायला अजून पावणेदोन तास आहेत. संध्याकाळी सहाला काम सुटतं, पण नऊपर्यंत त्याला फलाटावर पाऊल ठेवता येत नाही. तीन तास तो काय करणार? पदपथावर बसतो, बागेच्या कठड्यावर बसतो, किंवा बसने दादरपर्यंत, मग पुढे ठाण्यापर्यंत तुकड्यातुकड्याने जातो. नऊची गाडी धरली तर घरी पोचेपर्यंत साडेदहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला उठायचं. दिवसाचे सोळा तास घराबाहेर, त्यातले आठ कामाचे.

त्या फेब्रुवारीत रात्री पावणेनऊच्या सुमारास मोठ्या स्थानकांबाहेर जमलेली माणसं मी पाहिली आहेत. दुपारचे डबे केव्हाच रिकामे झालेले, पिशव्या पायाशी ठेवलेल्या, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. नऊ वाजले की सगळे एकदम आत. दिवसभरात पसरली असती ती गर्दी त्या एका क्षणी जिन्यावर एकवटत होती. गर्दी टाळण्यासाठी केलेल्या नियमानेच ती गर्दी तयार केली होती.

चूक कुठे होती? वेळा लोकलच्या बदलल्या, कार्यालयांच्या नाहीत. गर्दी विरळ करायचा साधा मार्ग म्हणजे कामाच्या वेळा विभागणं: काहींनी सातला यावं, काहींनी नऊला, काहींनी अकराला. ही सूचना मुंबईत कित्येक वर्षं फिरते आहे, आणि त्या काळात न्यायालयापासून रेल्वेपर्यंत सगळ्यांनी ती बोलून दाखवली. सरकारने आवाहनही केलं. पण सक्ती झाली ती प्रवाशावर, मालकावर झाली नाही. एका माणसाला सातच्या आत गाडीत बसायला भाग पाडणं सोपं होतं. त्याच्या मालकाला ‘याला साडेसातला कामावर घे आणि साडेतीनला सोड’ असं सांगणं अवघड होतं. ते अवघड काम कुणी केलं नाही.

दुसरी लाट, आणि लोकलवर आलेला आळ

फेब्रुवारीच्या मध्यापासून रुग्ण वाढू लागले. ४ एप्रिलला मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण सापडले, १८ एप्रिलला राज्यात ६८,६३१. ऑक्सिजनसाठी, बेडसाठी लोक दारोदार फिरले. २२ एप्रिलपासून लागू झालेल्या आदेशाने लोकल पुन्हा अत्यावश्यक सेवेपुरती राहिली, आणि या वेळीही कुणी हू की चू केलं नाही. हे मुद्दाम लिहितो आहे. लोक बेशिस्त होते म्हणून चिडत होते असं म्हणणाऱ्यांनी हा एप्रिल आठवावा.

त्या दिवसांत एक वाक्य सहज बोललं जाऊ लागलं: लोकल उघडली म्हणून लाट आली. मला ते तेव्हाही पटलं नाही. दुसऱ्या लाटेची पहिली मोठी ठिणगी दिसली ती अमरावती, यवतमाळ, अकोल्यात. फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात टाळेबंदी लागली ती अमरावतीत. तिथे लोकल कुठे आहे? लोकलचा काहीच वाटा नव्हता असं मी म्हणत नाही, दाटीत आजार पसरतोच. पण लग्नं, निवडणुका, विषाणूचा नवा प्रकार हे सगळं सोडून बोट फलाटावरच्या माणसाकडे वळलं, कारण तो सगळ्यात सहज दिसणारा होता.

अटी पूर्ण झाल्या, मग अटी बदलल्या

जून २०२१ मधला प्रसंग मात्र या प्रकरणात सगळ्यात बोलका आहे.

३ जूनला मंत्री विजय वडेट्टीवार यांनी जाहीर केलं की १८ जिल्हे पूर्ण उघडणार. काही तासांत मुख्यमंत्री कार्यालयाने सांगितलं की असा निर्णय झालेलाच नाही. लोकांनी त्या संध्याकाळी दुकानं उघडायची तयारी केली आणि रात्री ती गुंडाळली. पण ४ जूनला जो आदेश निघाला तो खरोखर चांगला होता. या काळात राज्याने काढलेल्या आदेशांमधला मला तो सर्वांत उत्तम वाटतो. राज्याची पाच स्तरांत विभागणी. पॉझिटिव्हिटी, म्हणजे चाचण्यांमध्ये बाधित निघणाऱ्यांचं प्रमाण, ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले असतील तर पहिला स्तर, सगळं जवळपास नेहमीसारखं, लोकलसुद्धा. आकडे वाढले की स्तर वर, निर्बंध कडक. दर आठवड्याला आढावा.

पहिल्यांदाच लोकांच्या हातात काहीतरी मोजता येणारं आलं. कधी उघडणार, या प्रश्नाला तारीख नाही पण अट तरी मिळाली. माणसं गुरुवारी आकडे बघू लागली. व्हॉट्सअ‍ॅपवर पॉझिटिव्हिटीचे तक्ते फिरू लागले. रुळांवर उतरण्यापेक्षा आकड्यांवर बोलणारी जनता ही कुठल्याही सरकारला हवीशी वाटावी अशी गोष्ट.

आणि जूनच्या मध्यानंतर मुंबईचे आकडे पहिल्या स्तराच्या अटींत बसले. पॉझिटिव्हिटी ४ टक्क्यांच्या आत, ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांच्या आत. पालिकेने शहर तिसऱ्या स्तरातच ठेवलं. कारण दिलं ते लोकसंख्येची घनता आणि बाहेरून येणाऱ्या प्रवाशांची संख्या, म्हणजे पुन्हा लोकल. मग २५ जूनला राज्याचा नवा आदेश आला: विषाणूचा डेल्टा प्लस प्रकार सापडला आहे, राज्यात त्याचे २१ रुग्ण आहेत, म्हणून आकडे काहीही असोत, कोणतंही शहर किंवा जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली आणायचं नाही. पहिला आणि दुसरा स्तर कागदावर राहिले आणि प्रत्यक्षात संपले.

सावधगिरी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. एप्रिल नुकताच होऊन गेला होता, कोणत्या अधिकाऱ्याचा हात थरथरला नसता? पण ज्या दिवशी अट पूर्ण केली त्या दिवशी अटच बदलली, याने लोकांच्या मनात काय झालं ते बघा. आधी राग होता. आता त्यासोबत अविश्वास आला. राग निर्णय बदलला की शमतो. अविश्वासाचं तसं नसतं, पुढचा प्रत्येक आदेश, तो कितीही शहाणपणाचा असो, त्याच चष्म्यातून वाचला जातो. जुलैत दुपारी ४ ला दुकानं बंद करायला लावणाऱ्या नियमाविरुद्ध व्यापारी जागोजाग रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या घोषणांत हा अविश्वास ऐकू येत होता.

२ ऑगस्टला पालिकेने मुंबईतली दुकानं रात्री १० पर्यंत उघडी ठेवायला परवानगी दिली. लोकल? नाही. जून २०२० चीच गोष्ट चौदा महिन्यांनी पुन्हा. दुकान रात्री दहापर्यंत, आणि शटर ओढून घरी जाणारा पोरगा नालासोपाऱ्याला कसा जाणार याचं उत्तर नाही.

लशीचं कॅलेंडर

दरम्यान उच्च न्यायालयाने लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना तरी प्रवास का नाकारता, असं सरकारला विचारलं होतं. ६ ऑगस्टला भाजपने स्थानकांवर आंदोलन केलं. ८ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकल खुली.

दिलासा मोठा होता. पण कुणाला मिळाला? कोविशील्डच्या दोन मात्रांमधलं अंतर मे महिन्यात १२ ते १६ आठवडे केलं गेलं होतं. १८ ते ४४ वयाचं लसीकरण महाराष्ट्राने तुटवड्यामुळे मेमध्येच थांबवलं होतं, आणि सगळ्यांना मोफत लस २१ जूनपासून सुरू झाली. २१ जूनला पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून लस घेतलेला तिशीतला माणूस धरा. ८४ दिवस मोजले तर दुसरी मात्रा १३ सप्टेंबरच्या आधी नाही. त्यावर १४ दिवस. म्हणजे २७ सप्टेंबर. याने काहीही टाळलेलं नाही, सगळं वेळेवर केलेलं आहे, तरी १५ ऑगस्टला त्याला लोकल नाही. आणि कमावतं वय नेमकं हेच. घरातल्या साठीच्या आईला पास मिळत होता, कामावर जाणाऱ्या मुलाला नाही.

११ ऑगस्टपासून पडताळणी सुरू झाली. पालिका हद्दीतल्या ५३ स्थानकांवर ३५८ खिडक्या, सकाळी ७ ते रात्री ११. त्या व्यवस्थेबद्दल मला कौतुकाने लिहायचं आहे. मी रांगेत उभा राहिलो तेव्हा टेबलामागे पालिकेचे दोन कर्मचारी होते. एक जण प्रमाणपत्राची छापील प्रत घेऊन मोबाइलवर क्रमांक तपासत होता, दुसरी आधार कार्डावरचं नाव जुळवून प्रतीवर आणि कार्डाच्या झेरॉक्सवर शिक्का मारत होती. शाई सुकेपर्यंत कागद फुंकायचा आणि शेजारच्या तिकीटखिडकीवर द्यायचा. माझ्या पुढच्या माणसाने पास हातात आल्यावर तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि पाकिटातला मार्च २०२० चा जुना, कडा झिजलेला पास काढून त्याच्या जागी हा ठेवला. सतरा महिने तो मुदत संपलेला पास त्याने जपला होता. सुरुवातीला मासिक पासच मिळत होता, एकवेळचं तिकीट नाही. ते मिळायला ऑक्टोबरचा शेवट उजाडला.

नोंद

बहुतेकांसाठी गोष्ट तिथे संपली. पण प्रकरण म्हणून ती संपली न्यायालयात, फेब्रुवारी २०२२ मध्ये.

लसीकरणाच्या अटीविरुद्ध याचिका झाल्या होत्या. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने सरकारकडे साधी गोष्ट मागितली: हा निर्णय कुठल्या बैठकीत, कुठल्या माहितीच्या आधारे झाला ते दाखवा. आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार असे निर्णय राज्य कार्यकारी समितीने घ्यायचे असतात. पुढे आलं ते असं की ऑगस्ट २०२१ चे आदेश तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी समितीतल्या इतरांशी विचारविनिमय न करता काढले होते. आणीबाणीच्या प्रसंगी समितीच्या अध्यक्षाला, म्हणजे मुख्य सचिवाला, तसा अधिकार आहे, अशी सरकारची बाजू होती. न्यायालयाला हे नियमाला धरून वाटलं नाही.

मी ही बातमी वाचली तेव्हा मला नालासोपाऱ्याचे रूळ आठवले. दीड वर्ष लाखो माणसं विचारत होती की हे कोण ठरवतंय आणि कशाच्या आधारावर. बैठकीचं इतिवृत्त असतं, त्यात बेस्टमधली गर्दी, तीन तासांचा रस्ता, ८४ दिवसांचं अंतर यांवर कुणी चार ओळी बोललेलं असतं, तर निर्णय कदाचित तोच झाला असता. पण दाखवायला कागद असता, आणि फलाटावरच्या माणसाला सांगायला कारण असतं.

१ मार्च २०२२ ला सरकारने जुने आदेश मागे घेतले. त्याच दिवशी नवा आदेश निघाला, या वेळी समितीच्या नावाने. त्यातही लोकलसाठी दोन मात्रांची अट कायम होती. महिनाभराने, ३१ मार्चला, राज्याने सगळेच निर्बंध उठवत असल्याचं जाहीर केलं. २ एप्रिलला गुढीपाडवा होता. त्या दिवसापासून तिकीटखिडकीवर प्रमाणपत्र मागणं बंद झालं.